रोजचे सात युनिट जात कुठे होते? परभणीतल्या एका गीझरचं प्रकरण

परभणीची थंडी मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात ४३-४४ अंशांनी भाजणारं हे शहर डिसेंबर-जानेवारीत पहाटे एक आकडी तापमानावर येतं. म्हणजे गीझरचा खरा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, पण वर्षाच्या बिलात डोळ्यांत भरतात ते हेच तीन महिने.

घर एकमजली, वर एक खोली आणि बाथरूम. माणसं पाच: आजी-आजोबा, मुलगा, सून आणि शाळकरी नात. पाणी बोअरचं, गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. गीझर २५ लिटरचा, २००० वॅटचा, आठ वर्षं जुना, वरच्या बाथरूममध्ये टांगलेला. आंघोळी मात्र बहुतेक खालच्या न्हाणीत, कारण आजी-आजोबांना जिना चढवत नाही. तक्रार सरळ होती: नोव्हेंबरपर्यंत १४०-१५० युनिटांत भागणारं बिल जानेवारीत ३४४ युनिटांवर गेलं. इलेक्ट्रिशियनचं निदान होतं, "क्षार बसलाय, कॉइल वीज खातीय, गीझर बदला." नव्या पाच स्टारच्या गीझरची किंमतही विचारून झाली होती.

बदलण्याआधी मोजायचं ठरलं.

मोजणी

पहिली मोजणी फुकटची. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवायचा आणि मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एका युनिटला किती लुकलुक हा आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो. इथे तो ३२०० होता. मिनिटाला ८६ लुकलुक झाल्या. ८६ गुणिले ६०, भागिले ३२००, म्हणजे १.६१ किलोवॅट. २ किलोवॅटच्या गीझरनं १.६१ का घ्यावेत? कॉइल बिघडली म्हणून नव्हे. त्या वेळी घरात व्होल्टेज २०७ होतं, आणि कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २०७ भागिले २३० म्हणजे ०.९, त्याचा वर्ग ०.८१. पाणी उशिरा तापायचं ते यामुळे. वीज काही त्यानं जास्त लागत नव्हती. कमी जोरानं जास्त वेळ, हिशेब जवळपास तोच.

दुसरी मोजणी स्वयंपाकघरातल्या डिजिटल थर्मामीटरनं. सकाळी सहाला थंड नळाचं पाणी १८ अंश. गीझर कट-ऑफ झाल्यावर त्याच्या तोंडाशी ७५. खालच्या न्हाणीत पोचेपर्यंत ७०.

तिसरी मोजणी गीझरच्या टाकीच्या उबेची. रात्री साडेनऊला गीझर बंद केला, आतलं पाणी ७० अंश. रात्रभर नळ उघडला नाही. सकाळी साडेसातला पाइपातलं पाणी आधी सोडून देऊन मोजलं तर ५४. दहा तासांत १६ अंश उतरले. आता एक सूत्र पाठ करून ठेवण्यासारखं आहे: लिटर गुणिले अंश गुणिले १.१६ म्हणजे वॅट-तास. २५ × १६ × १.१६ = ४६४ वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाला थोडं कमी. जुन्या गीझरचं आवरण दमलं आहे हे खरं, पण ते फार मोठं भोक नव्हे.

मग गीझरचे रोजचे ६.८ युनिट (आठ दिवसांची सरासरी) जात कुठे होते?

पाच आंघोळी, प्रत्येकी दीड बादली म्हणजे ३० लिटर, पाणी ४० अंशांचं. १८ वरून ४० वर न्यायला एका आंघोळीला ०.७७ युनिट, पाचांना ३.८. ही कामाची वीज, हिच्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही.

गीझर पहाटे साडेपाचला चालू व्हायचा तो रात्रीच बंद व्हायचा. "कुणालातरी लागेल" म्हणून. ७५ अंशांवर धरून ठेवलेल्या पाण्यातून दर तासाला साठेक वॅट-तास हवेत जायचे. दिवसाचे ०.९ आणि रात्रीचे ०.४५ मिळून १.३ युनिटांच्या पुढे.

संध्याकाळी भांडी आणि हातपाय यांना २५ लिटर कोमट पाणी: ०.६.

उरलेलं साधारण एक युनिट कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. ते पाइपात होतं.

पाइपातलं एक युनिट

वरच्या गीझरपासून खालच्या नळापर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिकचा) पाइप ११ मीटर. बाहेरच्या भिंतीवरून उघडाच. पाऊण इंची पाइपात दर मीटरला पाव लिटरहून किंचित जास्त पाणी मावतं, म्हणजे सगळ्या पाइपात २.९ लिटर. न्हाणीत बादली लावून बघितलं: पहिले तीन तांबे गार, मग वाफ. आंघोळ संपली, नळ बंद झाला की हेच २.९ लिटर पाणी ७० अंशांनी पाइपात अडकून राहतं आणि पुढच्या माणसाची वाट बघत थंड होतं. दर खेपेला ०.१७५ युनिट. सकाळी नात, मग तासाभरानं सूनबाई, मग आजोबांची पूजेआधीची आंघोळ, अशा सुट्या सुट्या सहा खेपा झाल्या की एक युनिट झालं.

इथे एक गल्लत नेहमी होते. नळातून आधी येणारं गार पाणी मोरीत सोडू नये हे बरोबर आहे. तीन तांबे गुणिले सहा म्हणजे रोज सतरा लिटर पाणी वाचतं, आणि मराठवाड्यात सतरा लिटरची किंमत वेगळी सांगायला नको. बादलीत थंड पाणी लागतंच, ते याचंच घ्यावं. पण त्यानं वीज वाचत नाही. उष्णता गेली ती आधीच्या खेपेला, पाइपाच्या भिंतीतून.

बाथरूममध्ये पाऊण इंची पाइप टाकणं ही प्लंबरची सवय. एका नळापुरता अर्धा इंची पुरतो आणि त्यात मीटरला ०.१२ लिटरच मावतं. इथे भिंत फोडायची नव्हती, म्हणून पाइप तसाच ठेवून गुंडाळला: नायट्राइल रबर फोमच्या नळ्या, आतला व्यास २२ मिलिमीटर, जाडी ९ मिलिमीटर, सहा फुटी सात नग. नळी लांबीत चिरून पाइपावर बसवायची, चीर चिकटवायची, कोपऱ्यांवर ४५ अंशात कापून जोड द्यायचा. बाहेरच्या भागावर वरून अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी हवीच. उघडा काळा फोम मराठवाड्याच्या दोन उन्हाळ्यांत तडकून भुगा होतो.

उघड्या पाइपातलं पाणी अर्ध्या तासात निम्मं थंड होतं, गुंडाळलेल्यातलं तासाभराच्या आसपास. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पुढची आंघोळ वीस मिनिटांत असेल तर गुंडाळण्याचा फायदा आहे. ती तीन तासांनी असेल तर पाइप कितीही गुंडाळा, पाणी थंडच मिळणार. म्हणून फोमबरोबर दुसरी गोष्ट ठरली: आंघोळी एकामागोमाग, पावणेआठच्या आत सगळ्यांच्या.

क्षाराचं खापर

आता इलेक्ट्रिशियनच्या निदानाकडे. बेसाल्टच्या भेगांत मुरलेलं बोअरचं पाणी जड असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. ती मोजायला कठिणतेचा थेंबांचा किट लागतो; आरओवाले दाखवतात तो टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यातला कपडे आणि कॉइल खराब करणारा भाग कोणता ते सांगत नाही. पाणी तापलं की त्यातलं विरघळलेलं बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना कॉइलवर बसतो. साठ अंशांच्या वर हे फार वेगानं होतं.

पण पाण्यात बुडालेली कॉइल चुन्यानं माखली म्हणून वीज "खात" नाही. तिची उष्णता जाणार कुठे? पाण्यातच. चुन्याच्या थरामुळे कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, हा खरा तोटा. दुसरा तोटा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाच्या, नळीचा: तिच्यावर थर चढला की तिला पाण्याचं तापमान उशिरा कळतं, ७० वर तुटायचा प्रवाह ७५-७८ वर तुटतो. तेव्हा क्षार काढणं गरजेचं होतंच, फक्त वेगळ्या कारणासाठी.

ते काम असं झालं. गीझरचा एमसीबी (मुख्य खटका) खाली, टेस्टरनं खात्री. गीझरच्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. गरम नळ उघडा ठेवून खालून टाकी रिकामी. हवा आत गेली नाही तर पाणी उतरत नाही. खालचं झाकण काढून वायरींचा मोबाइलवर फोटो. फ्लँजचे (कॉइल धरणाऱ्या चकतीचे) नट समोरासमोरचे आळीपाळीनं ढिले करून कॉइल बाहेर. तिच्यासोबत पांढऱ्या खपल्यांचा दोन ओंजळी ढीग टाकीतून निघाला. कॉइल दोन लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात दोन तास बुडवली (जोडणीची टोकं पाण्याबाहेर), मग लाकडी काडीनं खरवडली. बाथरूमचं अ‍ॅसिड वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. ते चुन्याबरोबर धातूही खातं. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) पेन्सिलीएवढा बारीक होऊन आतली तार दिसत होती, तो बदलला. गॅस्केट नवं घातलं; जुनं पुन्हा बसवलं की महिनाभरात थेंब थेंब गळतं आणि ते पाणी थेट वायरींवर उतरतं. टाकी पूर्ण भरून गरम नळातून धार सुरू झाल्यावरच वीज. कोरडी कॉइल मिनिटभरातही जाते.

एवढं करून लुकलुक पुन्हा मोजली: ८६. तेवढीच. थर्मोस्टॅट मात्र ताळ्यावर आला.

पंचावन्न, पंचेचाळीस नाही

थर्मोस्टॅट कमी करताना घोळ झाला. वाचलेला सल्ला होता "कमीत कमी ठेवा", म्हणून नॉब ४५ वर आणला. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या आंघोळीला पाणी कोमट. आजोबांनी बादलीत रॉड टाकला, आणि वाचवलेली वीज तिथे गेली. शिवाय ओल्या न्हाणीत उघडा रॉड, म्हणजे विजेपेक्षा मोठी जोखीम.

कारण हिशेबात आहे. टाकी ७५ वर असली आणि थंड पाणी १८ चं असलं, तर ३० लिटर आंघोळीला टाकीतलं १२ लिटर पाणी लागतं. ४५ वर तेच २४ लिटर लागतं, म्हणजे एका माणसात गीझर रिकामा. छोट्या टाकीची उणीव मोठ्या तापमानानं भरून काढली जात होती. बसवणाऱ्यानं नॉब टोकाला फिरवून ठेवला होता तो उगाच नाही. ५५ वर १८ लिटर लागतं. हा मधला मुक्काम चालला: चुना कमी बसतो, अंग भाजण्याचा धोका कमी होतो, आणि रांग लागली तरी गीझर तग धरतो. गावाला जाऊन आठ-दहा दिवसांनी परतल्यावर मात्र आधी एकदा ६० च्या वर तापवून ते पाणी नळावाटे सोडून द्यावं. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढतात.

गच्चीवरची टाकी

या प्रकरणातला सगळ्यात मोठा फायदा गीझरला हात न लावता झाला.

थंड नळाला १८ अंश होते. बोअरचं पाणी मोटर चालू असताना गच्चीवर टाकीच्या तोंडाशी मोजलं तर २६. जमिनीच्या पोटातल्या पाण्याला थंडी-ऊन कळत नाही. ते वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळ असतं. जुन्या आडाचं पाणी थंडीत वाफाळायचं ते यामुळेच. मोटर रोज संध्याकाळी सातला लागायची. रात्रीपर्यंत निम्मी टाकी वापरून व्हायची, उरलेलं पाणी काळ्या प्लास्टिकच्या टाकीत, उघड्या आभाळाखाली, वाऱ्यात रात्र काढायचं आणि आठ अंश गमावून सकाळी गीझरमध्ये यायचं. जमिनीनं फुकट दिलेली ऊब रात्री गच्चीवर सांडायची आणि सकाळी ती महावितरणकडून विकत घ्यायची, असा तो व्यवहार.

मोटरची वेळ पहाटे साडेपाच केली. रात्री टाकी एक तृतीयांशावर आलेली असते, त्यात सहाशे लिटर ताजं पाणी धो-धो पडतं आणि ढवळून निघतं. सहा वाजता थंड नळ: २३ अंश. पाच अंश कमी तापवायचे, १५० लिटर पाणी: रोजचे ०.८७ युनिट. खर्च शून्य. मोटरची वीज तेवढीच, फक्त घड्याळ बदललं.

यात अडचण एकच. पहाटे वीज नसली तर टाकीत तळाचं पाणी असतं आणि घर अडतं. म्हणून टाकी रात्री तिसऱ्या हिश्श्याखाली जाऊ द्यायची नाही, हा नियम. ज्यांच्याकडे नळाचं पाणी पाच-सात दिवसांआड येतं त्यांना ही युक्ती लागू नाही. त्यांनी टाकी भिंतीच्या आडोशाला घेतली किंवा गोणपाट-थर्माकोलनं झाकली तर थोडंफार हाती लागतं.

नंतरचा हिशेब

गीझरला १६ अँपिअरचा टायमर लावला. ५:४५ ला चालू, ७:४५ ला बंद. साधा ६ अँपिअरचा टायमर इथे चालत नाही, कारण २ किलोवॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात आणि हलके संपर्क चिकटून बसतात, मग टायमर "बंद" दाखवतो आणि गीझर चालूच. भांडी दुपारी दोनला घासायची ठरली, तेव्हा टाकीचं पाणी उन्हानं आपोआप कोमट असतं.

पुढच्या महिन्यात रोजची सरासरी ३.९ युनिट आली. आंघोळींना साधारण ३, पाइपात पाव ते अर्धा, बाकी टाकीच्या उबेला आणि संध्याकाळच्या हातपाय धुण्याला. आंघोळीचं पाणी एक तांब्यानंही कमी केलेलं नाही. सूनबाईंची अटच ती होती.

महिन्याला ८७ युनिट वाचले: ३४४ चे २५७ झाले. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० ला बदलतात, त्यामुळे वाचलेल्यातले ४४ युनिट ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यातले होते. वाचत जातात ती नेहमी सगळ्यात वरची, सगळ्यात महाग युनिटं. वर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा दर) आणि सोळा टक्के वीज शुल्क तेवढ्याच प्रमाणात उतरतं. बिलाच्या सरासरीनं हिशेब केला तर बचत असते त्याहून कमी दिसते.

पाच स्टारचा गीझर घ्यायचा बेत रद्द झाला. गीझरवरचे स्टार मोजतात ते फक्त वापर नसताना टाकीतून गळणारी उष्णता, चोवीस तासांची. गीझर दिवसभर चालू होता तेव्हा चांगल्या टाकीनं अर्ध्या युनिटाच्या आसपास वाचवलं असतं. आता तो दिवसाला दोन-अडीच तासच चालतो, तर वाचण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. टाकी गळेल त्या दिवशी पाच स्टारच घ्यावा, त्याआधी नाही. सोलरचा विचारही झाला. ऊन भरपूर आहे, पण या बोअरच्या पाण्यानं काचेच्या नळ्यांत चुन्याचा गाळ बसणार आणि गच्चीपासून न्हाणीपर्यंत पाइप आजच्याहून लांब होणार. वर्षातल्या तीन महिन्यांसाठी तूर्त नको, असं घरच्यांनी ठरवलं. परसात तांब्याचा बंब अजून आहे. शेतातून तुराट्या येतात, रविवारी न्हायचं पाणी त्यावरच तापतं, आणि आजींच्या मते बंबाच्या पाण्याची सर गीझरला नाही. त्या पाण्याची नोंद मीटरवर नसल्यानं वाद घालता आला नाही.

फेब्रुवारी संपता संपता, मोटर लावण्याआधीच, थंड नळ सकाळी २३ दाखवू लागला. तेव्हा मोटर पुन्हा संध्याकाळवर आली आणि टायमर ६:०० ते ७:२५ असा आखडता घेतला. एप्रिलमध्ये एमसीबी खाली. थर्मामीटर न्हाणीतल्या खिळ्यालाच टांगून ठेवलाय. दिवाळीनंतर टाकीचं पाणी सकाळी २० च्या खाली गेलं की मोटरची वेळ बदलायची, अशी चिठ्ठी स्विचबोर्डवर चिकटवलेली आहे.